पडद्याचे चार कोपरे

तळाचा शेवटचा स्क्रू हटून बसला होता. त्याची खाच कधीच घासून गेलेली. ओग्न्यानने खाचेवर रबरबँडचा तुकडा ठेवला, त्यावर पेचकसाचं टोक दाबलं आणि श्वास रोखून हळूहळू उलटा पीळ दिला. स्क्रू एकदा करकरला आणि मग सुटला. लॅपटॉपचा तळ उचलल्यावर पंख्याच्या पात्यांतून धुळीचा मऊ गठ्ठा टेबलावर पडला.

“काय पडलं?” काउंटरच्या पलीकडे स्टुलावर बसलेल्या राइनामावशींनी विचारलं.

“धूळ. उशी भरेल एवढी आहे.”

“मग भर. गाब्रोवोत काही टाकायचं नसतं.”

ओग्न्यान हसला. दार लवकर मिटावं, खोलीतली ऊब बाहेर जाऊ नये म्हणून मांजराची शेपटी छाटणारी माणसं, अशी त्यांच्या गावाची साऱ्या बल्गेरियात कीर्ती होती. आणि गावकरी ती आपणच सांगून पाहुण्याच्या आधी हसून घेत. राइनामावशींचा लॅपटॉप त्या कीर्तीला शोभणारा होता. कळांवरची अक्षरं झिजून नुसते काळे, गुळगुळीत चौकोन उरले होते. झाकणाच्या वरच्या कडेला, कॅमेऱ्याच्या भोकावर, चिकटपट्टीचा तुकडा लावलेला होता. आतली डिस्क तर सुरू केली की लाकडातल्या किड्यासारखी टकटक करायची.

“हिचे दिवस भरलेत,” डिस्क बाहेर काढत तो म्हणाला. “नवीन घालतो. नवीनमध्ये फिरणारं काही नसतं, त्यामुळे आवाज नाही. आणि सिस्टीमही नवीन टाकतो, जुनीला आता कोणी वाली नाही.”

“टाक. पण एक सांगते. सगळं जिथल्या तिथे हवं. बोटभरही इकडचं तिकडे नको.”

“नवीन सिस्टीम म्हणजे नवीन घर, मावशी. खिडक्या जरा इकडेतिकडे होणारच.”

“घर नवं बांध, पण पलंग होता तिथेच ठेव. अंधारात उठलं तरी पायाला चपला सापडल्या पाहिजेत.”

हे त्या ओग्न्यानकडे बघून म्हणाल्या नाहीत. त्याच्या कानामागच्या प्रिंटरकडे बघून म्हणाल्या. ही त्यांची तऱ्हा अलीकडची. कापडगिरणीच्या संचालकांच्या कचेरीत त्यांनी सारा जन्म टंकलेखन केलं, तेव्हा कधी ताठा दाखवला नाही. आता पेन्शनीत बसल्यावर मात्र रस्त्यात समोरून माणूस गेलं तरी ओळख देत नाहीत, बोलताना तोंड फिरवतात, असं गावात बोललं जाई. संचालकांचा वारा उशिरा लागला, असं कोणीतरी म्हटलं होतं, आणि ते ओग्न्यानने चार जणांना सांगितलंही होतं. बंद वस्तू दिसली की उघडून बघितल्याशिवाय त्याला राहवत नसे, आणि माणसांच्या बाबतीतही त्याचा हात आवरत नसे.

“दुपारपर्यंत कॉपी होईल, मग बाकीचं. बसून काय करणार तुम्ही?”

“उद्या संध्याकाळच्या आत हवा. संध्याकाळी मी कालिनाला लिहिते.”

कालिना ही त्यांची मुलगी, शाळेत ओग्न्यानच्या दोन वर्ग मागे होती. लग्न करून स्पेनमध्ये वालेन्सियाला गेली ती तिथलीच झाली.

“एक दिवस चुकला तर काय होतंय?”

“एक चुकला तर ती फोन करते. दोन चुकले तर विमानात बसते.”

“येऊ द्या की. लेक येतेय तर वाईट का?”

“येण्याचं काही नाही रे. जाताना मला घेऊन जाईल. तिचं बोलणंच झालंय तसं. ज्या दिवशी तुला लिहिता येणार नाही, त्या दिवशी तुझी ट्रंक भरली म्हणून समज.” राइनामावशी उठल्या, कोटाची बटणं एकेक करून लावली. “तिथे माझं काय आहे? इथे मला प्रत्येक पायरी ओळखते.”

जाताना त्यांनी दाराच्या चौकटीवर तळवा टेकला आणि मगच पाऊल बाहेर टाकलं.

जुन्या डिस्कमधून माल हळूहळू उतरत होता. ओग्न्यानने दरम्यान दोन फोटोकॉपी काढल्या, एक मृत्युपत्रक छापलं. मेलेल्या माणसाचा फोटो आणि चार ओळी असं हे पत्रक इमारतीच्या दारावर डकवायचं. चाळिसाव्या दिवशी नवं, वर्षश्राद्धाला पुन्हा नवं. लोक दारात थांबतात, वाचतात, देव त्याचं भलं करो म्हणतात आणि जिना चढतात. आजचं पत्रक स्तोयना बाईंच्या वर्षाचं होतं. राइनामावशींच्याच इमारतीत तळमजल्यावर राहायच्या त्या.

हात मोकळे झाल्यावर त्याने जुनी डिस्क तात्पुरती पुन्हा जोडून जुना पडदा एकदा नीट बघून घेतला, म्हणजे जिथल्या तिथे काय ठेवायचं ते कळेल. आणि तो विचारात पडला. पडद्यावर फक्त चार चिन्हं होती, चारही एकेका कोपऱ्यात. वर डावीकडे कालिनाला नवं पत्र. वर उजवीकडे रेडिओ. खाली डावीकडे कालिनाने पाठवलेले फोटो. खाली उजवीकडे यंत्र बंद करायची खूण. मधे काहीही नाही; नुसता निळा रंग. लोकांच्या पडद्यावर त्याने काय काय बघितलं होतं, नातवंडं, मांजरं, चर्च, सगळ्यांवर पसरलेली शेकडो चिन्हं. असं रिकामं अंगण आणि चार कोपऱ्यांत चार खुंट्या त्याने बघितल्या नव्हत्या. म्हाताऱ्या माणसांच्या एकेक तऱ्हा, असं म्हणून त्याने तो विषय मिटवला, पण तो मनात पूर्ण मिटला नाही.

नवी डिस्क बसवली, तिला धरणारे चार छोटे स्क्रू घट्ट केले आणि पेनड्राइव्हवरून नवी सिस्टीम टाकायला घेतली. तिने नेहमीचे प्रश्न विचारले. देश कोणता, भाषा कोणती, कळफलक कोणता. कळफलक दोन प्रकारचे होते. एक टंकलेखन यंत्राच्या काळापासून चालत आलेला, सरकारी; दुसरा इंग्रजी अक्षरांच्या उच्चाराला जुळवलेला, तरण्या पोरांचा. सरकारी हल्ली कोण वापरतं? ओग्न्यानने आजवर प्रत्येक गिऱ्हाइकाला लावला होता तोच, दुसरा, लावला. झिजलेल्या कळांकडे बघून काही कळण्यासारखं नव्हतंच.

सिस्टीम बसून झाली, तेवढ्यात फोन वाजला. परदेशातला आकडा.

“ओग्न्यानदादा, कालिना बोलतेय. आईचा लॅपटॉप तुझ्याकडे आलाय म्हणे.”

“टेबलावर आहे, पोट उघडं टाकून. आता शिवायला घेतोय.”

“एक काम कर ना. तिचा कॅमेरा बिघडलाय म्हणते, किती दिवस झाले. तेवढा होईल का?”

ओग्न्यानने चिकटपट्टीकडे बघितलं. बिघडलेल्या कॅमेऱ्यावर कोणी पट्टी कशाला लावील? त्याने नखाने तिचं टोक उचकटलं, पट्टी ओढून काढली, राहिलेला चिकटा स्पिरिटने पुसला आणि कॅमेरा चालू करून बघितला. कॅमेऱ्याशेजारचा इवला दिवा लागला आणि पडद्यावर त्याचं स्वतःचंच तोंड आलं, दाढी वाढलेलं.

“होईल काय, झाला. लख्ख दिसतंय.”



“बरं,” कालिना म्हणाली. “उद्या घरी नेऊन देशील तेव्हा बघ ती कशी आहे. आणि मला खरं सांग.”

चिन्हं त्याने शेवटी लावली. कोपऱ्यांत ठेवणार होता, पण नव्या पडद्यावर ती इतकी वेडीवाकडी दिसायला लागली की त्याने डाव्या बाजूला एकाखाली एक सुबक ओळ केली. सगळ्यात वर नव्या सिस्टीमचा कचऱ्याचा डबा होता, तो तसाच राहू दिला. बघून खूश होतील मावशी, असं त्याला मनापासून वाटलं.

दुसऱ्या दिवशी दुपारी तो लॅपटॉप घेऊन निघाला तेव्हा साऱ्या गावाला भाजलेल्या मिरच्यांचा वास येत होता. शरद ऋतूत गाब्रोवोत दुसरा वासच नसतो. बाल्कन्यांतून शेगड्या पेटतात आणि बरण्या भरल्या जातात. राइनामावशी इमारतीच्या खालीच भेटल्या, पिशवीत पाव घेऊन.

“मी ओग्न्यान, मावशी.”

“ते कळलं. बुटांचा आवाज करत चालतोस.”

दारावरच्या पत्रकासमोर दोघं थांबले, सगळे थांबतात तसे. राइनामावशींनी पिशवी डाव्या हातात घेतली, उजव्याने क्रूस काढला.

“देव तुझं भलं करो, मिन्चो. बायकोला सुखात ठेवलंस हो.”

ओग्न्यानने पत्रकाकडे बघितलं, मग राइनामावशींकडे. त्याच इमारतीतल्या मिन्चोचं पत्रक महिनाभर इथे होतं हे खरं. पण सकाळीच त्याच्यावर दुसरं डकवलेलं होतं. कागद अजून ओलसर होता. चौकटीतून स्तोयना बाई गळ्यात मोत्यांची माळ घालून हसत होत्या. ओग्न्यानने तो फोटो स्वतः मोठा करून छापला होता.

म्हातारपणी नावं एकमेकांत जातात. पण नाव चुकणं एक आणि बाईच्या फोटोसमोर उभं राहून बाप्याला आशीर्वाद देणं एक. जिना चढताना तो मागे राहून बघत होता. राइनामावशी कठडा न धरता, न अडखळता, तरण्या बाईसारख्या वर गेल्या. किल्ली पहिल्या खेपेला भोकात गेली.

घर लख्ख होतं. स्वयंपाकघरात भाजलेल्या मिरच्या पातेल्यात झाकून ठेवल्या होत्या, अर्ध्या सोललेल्या. त्यांनी त्याच्यासमोर बशीत पांढऱ्या चेरीचा मुरंबा आणि पाण्याचा पेला ठेवला, लॅपटॉप खिडकीशेजारच्या टेबलावर त्याच्या ठरलेल्या जागी ठेवून घेतला आणि माउस धरला. मग ओग्न्यानने बघितलं ते असं. त्यांनी माउस हाताच्या एका झटक्यात वर आणि डावीकडे लोटला, जणू टेबलावरून खाली पाडायचाय, आणि दोनदा टिचकी मारली.

कचऱ्याचा डबा उघडला.

“हे काय उघडलं? आवाज वेगळा आला.”

“ते काही नाही. मी देतो पत्र उघडून.” त्याने वाकून नवं पत्र उघडून दिलं. “हं, लिहा.”

“पलंग हलवलास तू,” राइनामावशी म्हणाल्या. पण हात कळांवर गेल्यावर त्यांचा चेहरा निवळला.

आणि त्या लिहू लागल्या. दहाही बोटं चालत होती, पाऊस पत्र्यावर पडावा इतक्या भरभर, आणि तोंड मात्र खिडकीकडे. लिहिता लिहिता त्या ओग्न्यानशी बोलतही होत्या. संचालक एकाच वेळी दोन पत्रं सांगायचे, एक मोठ्याने आणि एक दात ओठ खाऊन, आणि ती दोन्ही त्या टाइप करायच्या. मग दुसरं फाडून टाकायच्या. ओग्न्यान मुरंब्याचा चमचा तोंडात धरून ऐकत होता. असे हात त्याने कधी बघितले नव्हते. काय उमटतंय म्हणून त्याची नजर पडद्यावर गेली, आणि चमचा तोंडातच राहिला.

पडद्यावर एकही शब्द नव्हता. अक्षरं होती, ओळीच्या ओळी होत्या, परिच्छेद पाडलेले होते, पण सगळा नुसता काला. सरकारी कळफलकाची बोटं पोरांच्या कळफलकावर नाचत होती. ओग्न्यानला चूक त्याच क्षणी कळली. आता त्या बघतील, आता थांबतील, आता मला झापतील, म्हणून तो वाट बघत राहिला. राइनामावशींनी पान भरलं, शेवटी पूर्णविराम दिला आणि हात मांडीवर घेतले.

“झालं. मिरच्यांचं लिहिलंय, तू आल्याचंही लिहिलंय. एकदा वाचून दाखव, चष्मा कुठे ठेवलाय कोण जाणे.”

“मावशी, हे पुन्हा लिहावं लागेल. चूक माझी आहे. कळफलक मी दुसराच लावलाय.”

“कुठपासून चुकलंय?”

“पहिल्या शब्दापासून.”

“आणि पानभर लिहीपर्यंत तू गप्प बसलास?”

“मला वाटलं, तुम्हाला दिसेल.”

बाहेर कोणीतरी बाल्कनीत बरण्या आपटत होतं. राइनामावशी खिडकीकडे तोंड करून बसल्या होत्या त्या तशाच बसून राहिल्या. ओग्न्यानच्या डोक्यात एकेक गोष्ट आपापल्या खाचेत जाऊन बसत होती. पडद्यावरचा बाण कोपऱ्यात लोटला की आपोआप थांबतो, त्याला डोळ्यांची गरज नसते. कॅमेऱ्यावरची पट्टी. दारावरचा मिन्चो. गावभर पसरलेला ताठा. तो ताठा पसरवण्यात आपलाही वाटा आहे, हे आठवून त्याचे कान तापले.

“किती दिसतं?” त्याने शेवटी विचारलं.

“कडेचं दिसतं. मधलं गेलं. तुझ्याकडे सरळ बघितलं तर तुझ्या धडावर डोकंच नाही. जरा बाजूला बघितलं की थोडं उगवतं.” त्या हे भाजीचा भाव सांगावा तसं सांगत होत्या. “जिना दिसतो, भांडी दिसतात. अक्षर दिसत नाही आणि माणसाचं तोंड दिसत नाही. डॉक्टर म्हणाले, आहे एवढं राहील बहुधा.”

“कालिनाला...”

“कालिना फोटो पाठवते. मी लिहिते, छान आहे. दर रविवारी फोन करते, त्यात तिच्याच तोंडून काढून घेते कोणाचा फोटो होता ते.” त्यांनी मान खाली घातली. “कॅमेरा लावला तर ती माझे डोळे बघेल आणि पहिल्या मिनिटात ओळखेल. मग संपलं. तू तिला सांग, कॅमेरा काही झाला नाही.”

ओग्न्यानने बल्गेरियात हलवतात तशी मान आडवी हलवून हो म्हटलं. ते त्यांना दिसलं नसेल हे लक्षात आल्यावर तोंडानेही हो म्हणाला.

मग त्याने सगळं पुन्हा केलं. सरकारी कळफलक लावला, दुसरा मुळासकट काढून टाकला. चारही चिन्हं चार कोपऱ्यांत नेऊन बसवली, कचऱ्याचा डबा नजरेआड केला. नव्या सिस्टीममध्ये लिहिलेलं वाचून दाखवणारा आवाज होता, तोही चालू करून बघितला. पहिल्याच ओळीला एक घोगरा पुरुष त्यांच्या मागून मागून बोलू लागला.

“हा कोण पुटपुटतोय?”

“यंत्र आहे. काय लिहिलंत ते सांगतंय.”

“बंद कर त्याला. जन्मभर साहेबाचं ऐकलं. चुकले तर विचारीन, तेव्हा बोलू दे.”

त्यांनी पत्र पुन्हा लिहिलं, शब्द न् शब्द पहिल्यासारखं, मिरच्यांसकट. या वेळी ओग्न्यानने वाचून दाखवलं. एकही चूक नव्हती. निघताना त्यांनी त्याच्या हातात मिरच्या-टोमॅटोच्या चटणीची बरणी दिली आणि जुनी डिस्क परत मागितली.

“ती काय करायची आता?”

“जड आहे. खिडकी वाऱ्याने आपटते, तिथे लावीन.”

संध्याकाळी तो दुकान आवरत असताना कालिनाचा फोन आला.

“पत्र आलं आईचं. तू मुरंबा खाल्लास म्हणे. कॅमेऱ्याचं काय झालं?”

“कॅमेरा...” ओग्न्यानने खुर्ची पुढे ओढली, पुन्हा मागे सारली. “तो काही झाला नाही गं. खूप खटपट केली. आतूनच गेलाय.”

“दादा, काल तू म्हणालास, लख्ख दिसतंय.”

ओग्न्यानला खोटं बोलायची सवय नव्हती असं नाही, पण कालचं आज विसरण्याइतका तो कच्चाही नव्हता. आपण असे सापडलो कसे, याचंच त्याला नवल वाटलं.

“म्हणजे तिने तुलाही फितवलं,” कालिना म्हणाली, आणि तिचा आवाज रागावलेला नव्हता. “ऐक. उन्हाळ्यात मी स्वयंपाकघराला रंग दिला, भिंतीचा फोटो काढला रंगाऱ्याला दाखवायला. नुसती भिंत. तो चुकून आईला गेला. दुसऱ्या दिवशी तिचं पत्र आलं, पोरगं अगदी आजोबांवर गेलंय.”

ओग्न्यानला हसू आलं.

“मग तिला बोलली का नाहीस?”

“काय बोलू? ती मला कळू नये म्हणून रोज लिहिते. मला कळलंय हे तिला कळलं तर लिहील कशाला? आणि धमकी मीच दिलीय ना, ट्रंक भरीन म्हणून. ती दिली तेव्हा मला माहीत नव्हतं. आता माहीत आहे, आता मी काही तिला नेत नाही. इथे तिसऱ्या मजल्यावर तिला कोणता कोपरा ओळखीचा आहे? आपणहून सांगेल तेव्हा सांगेल.”

“मग कॅमेरा कशाला हवा होता? तिला तपासायचं नाही, तर?”

“आईला बघायचं होतं रे,” कालिना म्हणाली. “एवढंच.”

ओग्न्यानने तिला सांगितलं की आई बारीक झालेली नाही, कठडा न धरता जिना चढते, मिरच्या नखांनी सोलते. आणि आणखी एक सांगितलं.

“ती तोंड फिरवून बसली तर रागावलीय असं समजू नकोस. सगळं गाव तसं समजतं. तिला ज्याच्याकडे बघायचं असतं, त्याच्याकडून ती तोंड फिरवते.”

रविवारी तो पुन्हा गेला. बरणी रिकामी करून परत द्यायला आलो म्हणाला. ते खोटं होतं, चटणी अजून अर्धी होती आणि त्याने ती दुसऱ्या बरणीत काढली होती. मुरंब्याची बशी पुढे आल्यावर त्याने विषय काढला.

“कालिना म्हणत होती, कॅमेरा तपासायला नको आहे. नुसतं बघायचंय.”

“बघायला आणि तपासायला एकच डोळा लागतो.”

“तिचं ऐकून तरी घ्या. फोटो तुम्हाला दिसत नाहीत. पण ती हलणारी, बोलणारी दिसली तर?”

राइनामावशींचा अंगठा मांडीवरच्या एप्रनची किनार चाचपत होता.

“हलणारं मला दिसतं,” त्या हळूच म्हणाल्या. “फोटो मढ्यासारखा पडून असतो. हलणाऱ्या माणसाची कड दिसते. तिच्या वडिलांसारखी मान तिरकी करते का अजून, ते दिसलं असतं.” मग मान झटकली. “पण तिला माझे डोळे कुठे बघतायत ते दिसेल.”

ओग्न्यानने खिशातून चिकटपट्टीची रीळ काढली. हे त्याने घरून ठरवून आणलं होतं. पट्टीचा नखाएवढा तुकडा कापला, तीनचार घड्या घालून त्याची जाड गोळी केली आणि ती झाकणाच्या कडेला चिकटवली. कॅमेऱ्यावर नाही, त्याच्या अगदी शेजारी, वरच्या अंगाला. मग राइनामावशींचं बोट धरून तिच्यावर ठेवलं.

“हाताला लागलं? इथे बघा. म्हणजे तिला वाटेल, तिच्याकडेच बघताय.”

“तिथे बघितलं तर मला ती दिसणार नाही.”

“तिला तुम्ही दिसाल.”

राइनामावशींनी बोट गोळीवरून दोनदा फिरवलं. मग खुर्ची उचलून खिडकीकडे पाठ होईल अशी ठेवली, म्हणजे तोंडावर सावली राहील. पुन्हा विचार करून होती तिथे आणली. केस मागे सारले. एप्रन काढून खुर्चीच्या पाठीला लावला.

“लाव,” त्या म्हणाल्या.

दिवा लागला. पडद्यावर आधी पिवळी भिंत आली, मग कालिना, पाण्याने भिजलेले हात टॉवेलला पुसत. राइनामावशींनी हात वर करून गोळी चाचपली, हात खाली घेतला आणि थेट तिकडे बघितलं. पाठ ताठ, हनुवटी वर, संचालकांसमोर बसल्यासारखी. कालिनाने इकडचा गारठा विचारला. त्यांनी मिरच्या, जिन्यातला बल्ब, स्तोयना बाईंचं वर्षश्राद्ध असं सगळं सांगितलं. कालिना म्हणाली, भिंतीला रंग दिलाय बघ. राइनामावशी म्हणाल्या, दिसतोय, छान आहे. ओग्न्यान कडेला उभा होता. कालिनाचा चेहरा जराही बदलला नाही, हे त्याने बघितलं.

मग बोलणं संपत आलं, आणि तेव्हा राइनामावशींनी ते केलं. त्यांनी गोळीवरची नजर सोडली. सावकाश, जणू बाहेर कोणी हाक मारलीय, तोंड खिडकीकडे वळवलं आणि तसंच धरून ठेवलं. ज्यांना माहीत नव्हतं त्यांनी म्हटलं असतं, बाईला लेकीशी बोलायचा कंटाळा आला.

वालेन्सियात कालिनाही बोलायची थांबली. तिने टॉवेल बाजूला ठेवला, चष्मा काढला, कपाळावरची बट मागे घेतली. मग तिने वडील करायचे तशी मान थोडी डावीकडे तिरकी केली, पुन्हा उजवीकडे, अगदी हळू. आणि आई खिडकीकडे तोंड करून होती तितका वेळ ती तशीच हलत राहिली.